कुमैतचा युक्तिवाद
उमय्या खलिफांच्या काळात (इ. स. 661–750) अरबी कविता राजकारणाच्या आखाड्यात उतरली होती. अल्-अख्तल हा ख्रिस्ती कवी दरबारात खलिफा अब्द अल्-मलिकची थोरवी गाई. स्तुती आणि निंदा ही कवींची जुनी हत्यारे. कूफा शहरातल्या कुमैत इब्न झैदने त्यांना तर्काची जोड दिली, आणि हेच त्याचे खरे मोठेपण. ‘हाशिमिय्यात’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या कविता पैगंबरांच्या हाशिम घराण्याची बाजू मांडतात. त्याचा मुद्दा प्रतिपक्षाच्याच बोलण्यातून निघतो. पैगंबरांचे आप्त म्हणून उमय्या ज्या जमातीतले, त्या कुरैश जमातीला सत्तेचा हक्क असेल, तर सर्वांत जवळचे आप्त हाशिम घराण्यातलेच. आणि पैगंबरांचा वारसा मुळी चालतच नसेल, तर इतर अरब जमातींनाही तोच हक्क मिळायला हवा. दोन्ही वाटांनी उमय्यांचा दावा कोसळतो. या युक्तिवादाला कुराणातील वचनांचा आधार होता, त्यामुळे तो खोडून काढणे सोपे नव्हते. या कवितांपायी कुमैतला तुरुंगवास घडला. पुढे खलिफा हिशामची स्तुती करून माफी मिळवावी लागली. 743 च्या सुमारास तो मारला गेला. 750 मध्ये उमय्यांची सत्ता उलथली आणि हाशिम घराण्याचीच अब्बासी शाखा गादीवर आली.