आयत्या बिळावरचा विषाणू

सत्तरच्या दशकात इटलीतल्या तुरिनमध्ये मारिओ रिझेत्तो हे तरुण डॉक्टर हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं टाकायची आणि पेशीत बीच्या खुणा कुठे उजळतात ते बघायचं, असं ते काम. काही नमुन्यांत पेशींची केंद्रकं लखलखली, पण ती चमक बीच्या कुठल्याच माहीत असलेल्या खुणेशी जुळेना. १९७७ साली त्यांनी तिला ‘डेल्टा’ म्हणून जाहीर केलं. बीचाच हा आणखी एक अंश, असाच तेव्हा समज होता. मग अमेरिकेत चिंपांझींवर प्रयोग झाले आणि १९८०च्या सुमारास कळलं, की हा विषाणूच वेगळा आहे.

हा डेल्टा, म्हणजेच हिपॅटायटिस डी, अक्षरशः आयत्या बिळावर नागोबा. जनुकसंच जेमतेम १,७०० अक्षरांचा. माणसाला ग्रासणाऱ्या विषाणूंत याहून लहान कोणी नाही. वेष्टन बनवण्याची त्याची ऐपत नाही. रिपोर्टवर ‘एचबीएसएजी’ म्हणून छापलेलं असतं, ते बीचं प्रथिन पांघरून तो पेशीत शिरतो. साहजिकच, ज्याला बी नाही त्याला डी होत नाही.

दोन्ही एकदमच अंगात आले तर मोठी माणसं बहुधा बरी होतात. जुनाट बी असलेल्याला डीने गाठलं, की मात्र तो सहसा मुक्कामच ठोकतो. सिरोसिस दहाएक वर्षं आधी येतो. यकृताच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बीच्या दुप्पट ते सहापट होतो. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डीला कर्करोगजनकांच्या यादीत घातलं.

ब्राझीलमधल्या पुरूस नदीकाठी लाब्रिया गावाच्या नावाने एक ताप कुप्रसिद्ध होता. कावीळ, काळी उलटी, बेशुद्धी आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. बळी बरेचदा लहान मुलं. त्यामागेही बी आणि डीचीच जोडी निघाली. मंगोलियात तर बी असलेल्या दर दहांपैकी सहा जणांत डी सापडतो, आणि यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे जगात सर्वाधिक आहे.

इटलीने १९९१ मध्ये मुलांना बीची लस सक्तीची केली. बीच्या रुग्णांतलं डीचं प्रमाण १९८७ मध्ये सुमारे २३ टक्के होतं, ते १९९७ पर्यंत ८ टक्क्यांवर आलं. डीची वेगळी लस नाही. बीची लस तेच काम करते.

भारतात डी कमी आढळतो. पण बीचे रुग्ण सुमारे तीन कोटी, आणि डीची तपासणी लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे जवळपास नाहीच. न शोधता कमी म्हणण्यात फारसा अर्थ नाही. बीवरचं औषध टेनोफोविर नियमित चालू आहे, बीचा व्हायरल लोड उतरलाय, तरी यकृताची सूज सांगणारी एसजीपीटी चढलेलीच, असा रिपोर्ट हातात आला की डीची शंका यायलाच हवी, कारण टेनोफोविर डीला रोखत नाही. डीसाठी पेशीचं दार अडवणारं औषध ब्युलेव्हिर्टाइड युरोपात २०२० मध्ये मंजूर झालं. ते रोज त्वचेखाली टोचावं लागतं.

बीच्या प्रत्येक रुग्णाची डीसाठी तपासणी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सुचवलं आहे. घरात कोणी बी पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा: ‘डीची अँटी-एचडीव्ही तपासणी कधी केली होती का?’ आणि बाकीच्यांची बीची तपासणी करून, ज्यांना गरज आहे त्यांचे लसीचे डोस पूर्ण करून घ्या.