जोडीदाराचा व्हिसा आणि आपले करिअर

नवरा-बायको दोघेही इंजिनिअर. एकाला परदेशात नोकरी लागते, दुसरा 'डिपेंडंट' म्हणून सोबत जातो. आपल्याकडे हा दुसरा बहुतेक वेळा 'ती' असते. तिथे तिला काम करता येईल की नाही, हे तिच्या पदवीवर नव्हे, तर त्याच्या व्हिसाच्या प्रकारावर ठरते.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. एच-१बी धारकाच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर शिकता येते, नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना वर्क परमिट मागता येते. पण त्यासाठी साधारणपणे एच-१बी धारकाच्या ग्रीन कार्ड प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला लागतो. तो अर्ज भरते कंपनी, आणि तो कधी भरायचा हेही कंपनीच ठरवते. म्हणजे तिच्या नोकरीची किल्ली त्याच्या एचआरकडे! याउलट कंपनीने त्याची एल-१ वर बदली केली, तर एल-२ वरील जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परमिटशिवाय काम करता येते.

जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला नोकरीची पूर्ण मुभा आहे. सिंगापूरने मात्र मे २०२१ पासून डिपेंडंट पासधारकांना नोकरीसाठी स्वतंत्र वर्क पास सक्तीचा केला.

म्हणून ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी, पगाराच्याही आधी, दोघांनी मिळून विचारावे: व्हिसा कोणता? आय-१४० कधी भरणार? उत्तर लेखी घ्यावे. तिला तिथे एमएस करायचे असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. शिक्षणानंतर कामाची मुभा देणारी ओपीटी एच-४ वर मिळत नाही. त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा लागतो.