घट्ट बसवलं म्हणजे मजबूत बसलं?

माळेगावच्या यात्रेच्या तोंडावर कंधारच्या एका गॅरेजात बसलो होतो. पोत्यावर चार पिस्टन ओळीनं मांडलेले, शेजारी केरोसीनच्या घमेल्यात कनेक्टिंग रॉड. यात्रेचे चार दिवस गाडी उभी राहिली तर वर्षाची कमाई बुडते, म्हणून जीपचे मालक हटत नव्हते. "मिस्त्री, काय बसवायचं ते घट्ट बसवा. ऑईल खायलंय म्हणूनच तर खोललंय." मिस्त्री हसले. "मालक, घट्ट बसवलं तर गाडी लोह्यालाबी पोचायची नाही."

इंजिन बांधण्याबद्दलचे निम्मे गैरसमज या 'घट्ट'मधून निघतात.

समोरचं इंजिन महिंद्राचं जुनं 2523 सीसी डिझेल होतं. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक चार इंच. मिनिटाला 3000 फेऱ्या झाल्या की यातला प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा थांबतो आणि उलट फिरतो. एवढ्या धावपळीत धातूला धातू टेकू द्यायचा नसेल, तर मध्ये तेलाला जागा हवी, आणि तापल्यावर फुगायलाही जागा हवी. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या स्लीव्हच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. थंड इंजिनात पिस्टन किंचित सैल लागतो, तो असा हिशेबानंच सैल ठेवलेला असतो.

पिस्टन गोल असतो, हाही डोळ्यांचा भ्रम. मायक्रोमीटर लावला की कळतं, पिनच्या दिशेनं तो थोडा अरुंद आणि काटकोनात थोडा रुंद असतो. डोक्याकडे बारीक, खाली स्कर्टला मोठा. डोकं जास्त तापतं, जास्त फुगतं, आणि चालत्या इंजिनात आकार नीट होतो. म्हणून माप स्कर्टवर, पिनच्या काटकोनातच घ्यायचं. आणि आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग त्याच्या मापानं लेथवाल्याकडून बोअर मारून घ्यायचा. उलट केलं की पश्चात्ताप ठरलेला.

"रिंगच्या दोन तोंडांतली फट जितकी कमी, तितकं कॉम्प्रेशन चांगलं," असं मालकच काय, काही मिस्त्रीही सांगतात. साडेतीन इंची रिंगचा घेर सुमारे 279 मिलिमीटर. ती स्लीव्हपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली तर सुमारे 0.3 मिलिमीटरनं वाढते. फट त्याहून कमी ठेवलीत तर तोंडं एकमेकांवर आदळतात, रिंगला जायला जागा उरत नाही, मग ती मोडते नाहीतर बोअर ओरबाडते. डिझेलला बोअरच्या इंचामागे इंचाचे तीन-चार हजारांश फट हा ढोबळ हिशेब. पक्का आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातला. माप बघायची रीत सोपी आहे. रिंग एकटीच बोअरमध्ये सोडायची, पालथ्या पिस्टननं सरळ ढकलायची आणि फीलर गेज घालायचा. रिंगवर खूण असेल तर ती बाजू वर, आणि सगळ्या रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत.

नुसत्या रिंगा बदलून भागतं का? मिस्त्रींनी मालकांचं बोट धरून बोअरच्या वरच्या कडेला फिरवलं. नख अडकलं. वरची रिंग जिथं उलट फिरते तिथंच बोअर सगळ्यात जास्त झिजतो आणि त्याच्या वर न झिजलेला कंगोरा उरतो. नवी, काटकोनी रिंग त्यावर आपटते. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टरकडे दुर्लक्ष केलं तर ही झीज आणखी झपाट्यानं होते. बोअर आरशासारखा चकचकीत हवा, हा हट्टही चुकीचा. होनिंगच्या तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेघांत तेल धरलं जातं आणि रिंग त्यांच्यावरच घासून बसते.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती बेअरिंगच्या शेलमागे कागद घालण्याची. खडखड बंद होते, मालक खूश. ही सवय आली कुठून? जुन्या इंजिनांत पांढरा धातू ओतून, खरवडून बेअरिंग करत. रॉड आणि टोपीच्या मध्ये पातळ पत्रे असत आणि झीज झाली की एखादा पत्रा काढायचा. तेव्हा ते शास्त्रशुद्ध होतं. शेल आले आणि हिशेब बदलला, हात मात्र जुनेच राहिले. आता कुणी टोपी कानशीनं घासतो, कुणी कागद घालतो. बिगेंडला, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, तेलासाठी जागा सहसा 0.03 ते 0.08 मिलिमीटर, वहीचा कागद जवळपास 0.1 मिलिमीटर जाड. कागद एकटाच सगळी जागा खातो, वर शेलची उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. शेलची पाठ कोरडी आणि स्वच्छ हवी, तेल फक्त आतल्या अंगाला.

रॉडच्या टोप्या अदलाबदल करून चालत नाहीत. रॉड आणि टोपी जोडूनच भोक कातलेलं असतं, म्हणून दोघांवर एकच नंबर असतो. बोल्टचंही तसंच. तो आवळताना स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि त्या ताणानंच टोपी धरून ठेवतो. पाना लांब करून जोर लावला की ताण मर्यादेबाहेर जातो. टॉर्क पाना ही चैन समजू नये.

बोअर मारून आल्यावर संध्याकाळी पिस्टन बसवायला घेतले. पिन ठोकून घातली नाही. पिस्टन गरम पाण्यात ठेवला, पिन अंगठ्यानं सरकली. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवले, क्रँकला चरा पडू नये म्हणून. पिस्टनवरची खूण टायमिंगकडे. रिंग कॉम्प्रेसर आवळून हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलके ठोके. तिसरा पिस्टन मध्येच अडला. मिस्त्रींनी जोर लावला नाही, परत काढला. एक रिंग बाहेर आली होती.

प्रत्येक पिस्टननंतर ते क्रँक हातानं फिरवून बघत. चौथ्यानंतरही फिरला, जड पण एकसारखा.

"आता रात्रभर आयडलवर ठेवू का?" मालकांनी विचारलं.

"नाही हो. आयडलवर रिंगा बसत नाहीत, बोअर गुळगुळीत होऊन बसतो. उद्या हेड बसवतो, पाणी-तेल घालतो. मग हलक्या वजनानं, वेग कमीजास्त करत लोह्याला नेऊन आणा. आल्यावर ऑईल बघू."