राखणीच्या रात्री गोळी सुटली तर...



ज्वारी हुरड्यात आली, हरभऱ्याला घाटे धरले की राखणीच्या रात्री सुरू होतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभ्या पिकाचं काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून कोकणात, विदर्भात कित्येक घरांत परवान्याची बंदूक असते. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. परवान्याचा अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात, हे लोक आमच्यासारख्यांना नेहमी विचारतात. पण ती गोळी डुकराऐवजी माणसाला लागली तर पुढे काय करायचं, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

मला हे सुचलं ते शेजारच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हकिकतीवरून. रात्रपाळीची वीज आली म्हणून हे गृहस्थ मोटार चालू करायला विहिरीवर गेले. तिथे तिघे जण केबल कापत होते. हटकल्यावर दोघे पळाले, तिसऱ्याने कोयता उगारला. पहिला वार यांच्या डाव्या हातावर बसला. दुसरा बसायच्या आत यांनी बंदूक झाडली आणि छर्रे त्याच्या मांडीत गेले. इथपर्यंत कायदा बऱ्याच अंशी यांच्या बाजूचा होता.

घोटाळा पुढे झाला. पुतण्याने बंदूक कडब्याच्या गंजीत लपवली. भावाने विहिरीच्या थारोळ्यावरचं रक्त धुऊन टाकलं. गावातली जाणती मंडळी म्हणाली, "पोलीस कशाला? सकाळी बसून मिटवू." हाताला हळद लावून फडकं बांधलं, दवाखाना केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले ते समोरच्याच्या फिर्यादीवरून. घाबरून हे आधी म्हणाले, मी तिथे नव्हतोच. मग म्हणाले, बंदूक आपोआप सुटली. खरं सांगितलं ते तिसऱ्या वेळी, आणि तोवर त्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं. कोयत्याचा वार खरा होता, पण कागदावर कुठेच नव्हता. दोन हंगाम तारखांत गेले.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. पूर्वीची ९६ ते १०६ ही कलमं, थोडाफार फरक सोडला तर तीच. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी असा हल्ला झाला, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा धरला जात नाही. परवाना पीकसंरक्षणाचा आहे म्हणून हा हक्क जात नाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही.

मालमत्तेचं मात्र नीट समजून घ्या, कारण गावाकडे इथेच चूक होते. दरोडा किंवा जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवण्याच्या जागेला लावलेली आग, यात हक्क मोठा आहे. साध्या चोरीत तो जीव घेण्यापर्यंत जात नाही, जिवावर बेतेल अशी परिस्थिती असेल तरच जातो. मोटार खांद्यावर टाकून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर ते स्वसंरक्षण नव्हे. मोटार काही हजारांची, खटला जन्माचा.

न्यायालयं मात्र हे सोन्याच्या तराजूत तोलत नाहीत. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल शेतकरी कुटुंबातल्या भांडणाचाच आहे. बापावर धारदार हत्याराचा वार झाला आणि मुलाने परवान्याच्या बंदुकीने गोळी झाडली. उच्च न्यायालयाने त्याला खुनासाठी दोषी धरलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. समोर मरण दिसत असताना माणूस मोजूनमापून वागू शकत नाही, हे त्या निकालात मान्य केलेलं आहे. पण स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. अगदी निर्विवाद पुरावा लागत नाही, तसं घडलं असणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसावं लागतं. ते दिसणार कशावरून? त्या रात्री तुम्ही काय केलंत, त्यावरून.

म्हणून पहिल्या तासाचं बोलू. हल्ला थांबला, हल्लेखोर पडला किंवा पळाला, की दुसरी गोळी नाही आणि पाठलागही नाही. आधी स्वतः सुरक्षित जागी व्हा आणि ११२ ला फोन लावा. जखमी असेल तर १०८ ची गाडी मागवा, तो चोर असला तरी. जीव वाचला तर त्याचा वाचतोच, शिवाय तुम्हाला मारायचं नव्हतं हेही दिसतं. फोनवर लांबण लावू नका. "माझ्यावर कोयत्याने हल्ला झाला, मी जीव वाचवायला बंदूक झाडली, माणूस जखमी आहे, अमुक गावच्या अमुक शिवारात आहे." एवढं पुरे. आणखी एक सांगा, जे आपल्याकडे कोणी सांगत नाही: अंगावर कपडे कोणते आहेत, बंदूक कुठे ठेवली आहे आणि तिथे आणखी कोण कोण आहे.

कारण पोलीस येतात ते अंधारात, अनोळखी रानात, गोळीबार झाला एवढंच ऐकून. त्यांच्या विजेरीच्या उजेडात बंदूक हातात धरलेला माणूस दिसला, तर तो मालक की दरोडेखोर हे त्यांनी ओळखायचं कसं? गाडी येण्याआधीच बंदूक खाली ठेवा. काडतुसाची असेल आणि तुम्हाला सवय असेल तर मोकळी करून, नळी कोणाकडे नाही अशी, दिसेल अशा जागी, स्वतःपासून दहा-पंधरा पावलांवर ठेवा. ठासणीची भरलेली बंदूक अशी मोकळी होत नाही. तिची टोपी काढून घ्या आणि ती भरलेली आहे हे पोलिसांना पहिल्याच वाक्यात सांगा. पोलीस आले की हात रिकामे, दिसतील असे, अंगापासून दूर. ते बसा म्हणाले तर बसा, बाजूला व्हा म्हणाले तर व्हा. बेड्या घातल्या तरी हिसका देऊ नका, तिथे वाद घालून काही मिळत नाही. बंदूक दाखवण्यासाठी पुन्हा उचलायची नाही, "तिथे आहे" म्हणून बोट दाखवायचं. भावकीतले चार तरुण काठ्या घेऊन भोवती उभे असतील तर त्यांना आधीच घरी पाठवा.

जागा आहे तशी राहू द्या. पडलेला कोयता, कापलेली केबल, रिकामं काडतूस, रक्त, काहीच हलवू नका. हात धुऊ नका, कपडे बदलू नका. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यावं अशी तरतूद आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तो कोयताच तुमचा साक्षीदार आहे, तो कोणी नेऊ नये एवढं मात्र बघा.

बोलायचं किती? खोटं एक अक्षर नको आणि पाल्हाळही नको. हल्ला झाला, कोणी केला, हत्यार कुठे पडलंय, कोणी पाहिलं, मला कुठे लागलंय, हे जरूर सांगा. किती पावलांवरून झाडली, किती सेकंदांत, मनात काय होतं, हे त्या थरथरत्या अवस्थेत कोणालाच नीट आठवत नाही. चुकीचा आकडा तोंडून गेला की तोच पुढे उलटतपासणीत येतो. नम्रपणे म्हणा, "साहेब, मी सहकार्य करतो. सविस्तर जबाब वकिलांशी बोलून देतो." हा उद्धटपणा नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे घटनेच्या अनुच्छेद २० मध्ये आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही. पंचनाम्यावर किंवा अटकेच्या कागदावर सही करायची असेल तर वाचून, नाहीतर वाचून घेऊन. कोऱ्या कागदावर कधीच नाही.

अटक झाली तर घाबरून जाऊ नका. अटक म्हणजे शिक्षा नव्हे. अटकेचं कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, डॉक्टरी तपासणी करणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं, हे पोलिसांवर बंधनकारक आहे. डॉक्टरांना अंगावरची प्रत्येक जखम दाखवा, ओरखडासुद्धा, आणि ती लिहून घ्या म्हणा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती आहे, फोन १५१००. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आता गावच्या कारभाऱ्यांसाठी थोडं. पोलीस पाटील, सरपंच, पंचायत सदस्य, महसूल आणि ग्रामपंचायत अधिकारी, तुम्हाला हे प्रकरण "मिटवता" येत नाही. गावात संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यू झाला तर लगेच कळवण्याचं बंधन कलम ३४ ने तुमच्यावर आहे. आणि मिटवून भलं होतं कुणाचं? खरा बचाव असलेल्या माणसाचा पुरावाच त्यात वाहून जातो. तुमचं काम म्हणजे गर्दी मागे ठेवणं, जागेवर कोणाला फिरकू न देणं आणि रात्री फोन आला की उठून जाणं. पंच म्हणून सही कराल तेव्हा डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यालाच करा. अटकेच्या कागदावर साक्षीदार व्हाल तेव्हा वेळ नीट लिहिली आहे का ते पाहा.

परवान्याचंही एक. बंदूक ज्याच्या नावावर, त्याच्याच हातात. पुतण्या राखणीला जातो म्हणून त्याला ती द्यायची, हा शस्त्र अधिनियमाखाली वेगळा गुन्हा होऊ शकतो. नूतनीकरण राहून गेलं असेल तर हंगामाआधी करून घ्या, आणि परवान्याची झेरॉक्स घरातही ठेवा, कारण त्या रात्री अस्सल कागद शोधत बसायला कोणाला सुचत नाही.

गुन्हा दाखल झाल्यावर बंदूक पोलिसांकडे जमा राहते, न्यायालयाचा आदेश होईपर्यंत परत मिळत नाही. डुकरं तोवर थांबत नाहीत. नुकसानभरपाईचा अर्ज वनविभागाकडे वेळेत करा आणि सौर झटका यंत्राचा विचार करा. पण चालू लाइनची वीज तारेत सोडू नका. त्याला माणूस चिकटून मेला तर पोलीस पुन्हा दारात येतील, आणि त्या वेळी स्वसंरक्षण म्हणायला तोंड उरणार नाही.