तहकुबी सोसणारी शिल्पे

घरगुती हस्तकलांविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्यात नक्षीचे वर्णन असते, रंगसंगतीचे कौतुक असते, लोपत चाललेल्या परंपरेबद्दल हळहळही असते. परंतु संसाराच्या अखंड कामकाजात ही शिल्पे सिद्धीस जातात तरी कशी, या प्रश्नाचा विचार क्वचितच झालेला आढळतो. ‘फुरसतीचा उद्योग’ एवढा शेरा मारून प्रकरण निकालात काढण्याचा शिरस्ता पडला आहे, आणि तो मला मुळातच अन्यायाचा वाटतो. महाराष्ट्रातील ज्या स्त्रियांनी गोधड्या शिवल्या त्यांच्या वाट्याला येई ती भांडी आवरल्यानंतरची आणि चूल पुन्हा पेटवण्यापूर्वीची दुपार, तीही मूल रडले किंवा दारी कोणी आले की तहकूब होणारी. म्हणून कोणती कला किती व्यत्यय सोसते, या एकाच कसोटीवर प्रस्तुत आढावा घेण्याचे योजिले आहे.

या कसोटीला गोधडी सर्वांत अधिक उतरते. जीर्ण लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक अंथरून, कडा आत दुमडून, त्यावर धावदोऱ्याच्या ओळी घालीत जायचे, एवढाच तिचा विधी. पण त्या साध्या टाक्याचा गुण असा की, सुई जिथे थांबली तिथवरचे काम पक्के झालेले असते, आणि पुढचे महिनाभर कोनाड्यात गुंडाळून पडले तरी मागचे उसवत नाही. शेजारीण येऊन बसली तर तीही चार ओळी घालते. तिचा टाका किंचित लांब पडला म्हणून कोणी कपाळाला आठी घालीत नाही. संत जनाबाईंच्या वाकळेची आख्यायिका सर्वश्रुत आहे: देव निघण्याच्या घाईत आपला शेला विसरला आणि तिची वाकळ पांघरून राउळी गेला. इतक्या दळणकांडणात तिने ती वाकळ शिवली केव्हा, हे मात्र कोणत्याही कीर्तनकाराने सांगितलेले माझ्या ऐकिवात नाही.

गोव्याच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाची वस्ती आहे; आफ्रिकी वंशाच्या या लोकांपैकी कित्येकांचे पूर्वज पोर्तुगीज अमलातील गोव्यातून तिकडे गेले. त्यांच्या स्त्रिया शिवतात ती गोधडी म्हणजे ‘कवंदी’. तिचा आरंभ कडेपासून होतो. काठाने फिरत फिरत, हाती येईल ते ठिगळ त्या त्या वेळी जोडीत सुई आत सरकते आणि मध्य सर्वांत शेवटी भरला जातो, म्हणून समग्र आराखडा आधी सिद्ध करण्याची किंवा सर्व कापड एकाच वेळी जमवण्याची गरज पडत नाही. कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची त्रिकोणी ‘फुले’ लावल्यावाचून कवंदी नागवी समजली जाते. ही फुले म्हणजे काम संपल्याची मोहोरच होय.

लोकरीचे विणकाम आणि क्रोशे ही परदेशातून आलेली असूनही आपल्या घरांत रुजली. पण व्यत्ययापुढे दोघींची प्रकृती भिन्न आहे. क्रोशाच्या सुईवर एका वेळी एकच फास उघडा असतो. साखळी, खांब, मुका खांब यांपैकी कोणत्याही टप्प्यावर सुई काढून ठेवली तरी फार तर दोन टाके उसवतील. स्वेटराच्या सुईवर मात्र सगळी ओळच उघडी असते, आणि एक टाका गळला की तो खालपर्यंत पायरीपायरीने सुटत जातो. म्हणून जाणत्या बायका सुलट-उलटाची सपाट पाठ गाडीत, गप्पांत, दवाखान्यातील खोळंब्यात विणतात आणि जाळीची नक्षी रात्री निजानीज झाल्यावर, ओळीचा क्रमांक कागदावर टिपून ठेवून करतात. कामाची ही वाटणी मला कोणत्याही कचेरीतील कार्यविभागणीपेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.

संक्रांतीचा काटेरी हलवा तर विलंबावरच पोसला जातो. परातीतील तिळावर किंवा साबुदाण्यावर मंद आचेत चमचाभर पाक सोडायचा, तो सुकेपर्यंत बोटांनी दाणे फिरवायचे, आणि मग पुन्हा पाक; एका दिवसात घाई केली तर काटा येत नाही. हवा थंड हवी, हात हलका हवा आणि रोज थोडा वेळ हवा. पुढे त्याचे दागिने गुंफायचे, तेही बोरन्हाणाच्या किंवा नव्या सुनेच्या पहिल्या सणाच्या मुदतीत. मुदतीचा हा तगादा उपकारकच म्हटला पाहिजे. बारशाची तारीख नसती तर कित्येक दुपटी अर्धवटच राहिली असती.

हल्ली साहित्याची तयार पेटी विकत घेऊन रविवारच्या वर्गात भरतकामाचा श्रीगणेशा करण्याची हौस वाढली आहे, आणि ती स्वागतार्हही आहे. परंतु अर्धी रिंग भरून झाली की ते कापड कपाटात जाते, कारण सबंध मोकळा दिवस मिळण्याची वाट पाहिली जाते. जुन्या बायकांची तजवीज निराळी होती. नातवंडांकडून सकाळीच सुयांत दोरे ओवून घ्यायचे, काम डोळ्यांसमोर ठेवायचे आणि उठताना पुढचा टाका कुठे घालायचा ते ठरवून उठायचे, यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातील एक कांथा, म्हणजे बंगाली गोधडी, आहे. मानदासुंदरी दासी या स्त्रीने ती आपल्या वडिलांसाठी केली, हे तीवरच भरलेल्या अक्षरांवरून कळते. आमच्या गोधड्या बहुतांशी निनावी आहेत. त्या गोळा करणाऱ्या संग्राहकांना आणि संग्रहालयांना एवढीच विनंती की, गाव आणि अंदाजे काल लिहून थांबू नये. ती कोणी शिवली, किती जणींच्या हातांनी, किती पावसाळे ती रेंगाळली आणि मध्ये कोणत्या कारणाने बंद पडली, हाही तपशील शिवणाऱ्या बायका हयात आहेत तोवर त्यांच्याच तोंडून उतरवून घ्यावा.