लडफर्ड मॅग्नाचा आठवा माणूस

जून 1943 मध्ये ब्रिटिश हवाई दलाची 101 क्रमांकाची स्क्वाड्रन लडफर्ड मॅग्नाला आली, तेव्हा तिथली धावपट्टी नवीकोरी होती आणि भोवताली नुसता चिखल होता. लिंकनशायरच्या टेकड्यांवरचे हे छोटे खेडे. राहायला पत्र्याच्या अर्धगोल बराकी, त्यांत एखादी कोळशाची शेगडी. स्क्वाड्रनच्या पोरांनी लवकरच गावाचे ‘मडफर्ड’ (‘मड’ म्हणजे चिखल) करून टाकले. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत स्क्वाड्रनचा मुक्काम इथेच होता.

आज रात्री जायचे की नाही, हे सकाळी उशिरा कळे. मोहीम ठरली की बाहेरचे टेलिफोन बंद होत आणि तळाच्या फाटकातून विनापरवाना कोणी बाहेर पडत नसे. मग तळावर एकच लगबग उडे. मेकॅनिक लँकेस्टर विमानांची चारही इंजिने तपासत. शस्त्रागारातली माणसे ट्रॉल्यांवरून बाँब आणत. त्यांत चार हजार पौंडांचा पिंपासारखा ‘कुकी’ असे. महिला दलातल्या मुली पॅराशूटच्या घड्या घालत, लॉऱ्या चालवत, नियंत्रण मनोऱ्यात बसत.

दुपारी किंवा संध्याकाळी सगळ्या तुकड्या एकत्र बोलावल्या जात. नकाशावरचा पडदा सरकला की लाल फितीचे टोक कुठल्या शहरावर थांबले आहे ते दिसे. बर्लिन असेल तर खोलीभर कुजबुज होई. त्यानंतरच्या जेवणात अंडे आणि बेकन मिळे. रेशनच्या त्या काळात सामान्य नागरिकाला अंडे दुर्मीळ होते, त्यामुळे या ताटाचे अप्रूप मोठे होते.

लँकेस्टरमध्ये एरवी सात जण असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बाँब टाकणारा, बिनतारी संदेशवाला आणि दोन तोफची. 101 स्क्वाड्रनच्या विमानांत मात्र ऑक्टोबर 1943 पासून आठवा माणूस दिसू लागला. त्याला जर्मन येत असे. ‘एअरबोर्न सिगार’ नावाची यंत्रणा त्याच्या ताब्यात होती. जर्मन नियंत्रक जमिनीवरून आपल्या रात्रीच्या लढाऊ विमानांना सूचना देत. आठव्या माणसासमोरच्या छोट्या पडद्यावर त्या प्रक्षेपणाची खूण उमटली की तो आवाज ऐके, भाषा जर्मन असल्याची खात्री करे आणि त्याच लहरीवर कर्कश आवाज सोडून सूचना बुडवून टाके. यासाठी विमानाला माणसाहून उंच अँटेना लावलेल्या होत्या.

हे काम तो पडद्यामागे, एकट्याने करी. त्याबद्दल सोबतच्या सात जणांशीही बोलायचे नाही, असा दंडक होता. आठव्या माणसांपैकी काही जण नाझींच्या तावडीतून निसटून आलेले ज्यू तरुण होते. विमान पडून ते जिवंत हाती लागले असते, तर त्यांचे काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

ही यंत्रणा संपूर्ण ताफ्याचे रक्षण करी, म्हणून 101 स्क्वाड्रनची विमाने ताफ्यात ठरावीक अंतरावर पेरलेली असत आणि बहुतेक प्रत्येक मोठ्या मोहिमेवर त्यांना जावे लागे. प्रक्षेपण सुरू केले की आपलाच ठावठिकाणा उघड होण्याची धास्ती वेगळीच. एका पाळीत तीस मोहिमा पूर्ण करायच्या असत. दर मोहिमेत शंभरातली चार विमाने परतली नाहीत, तर तिसाव्या मोहिमेअखेर शंभर तुकड्यांपैकी तीससुद्धा उरत नाहीत.

30 मार्च 1944 च्या रात्री 795 विमाने न्यूरेंबर्गवर निघाली. आकाश निरभ्र होते आणि चांदणे पडले होते. 95 विमाने परतली नाहीत. बाँबर कमांड या ब्रिटिश बाँबफेकी विमानांच्या दलाची एका रात्रीतली ही सर्वांत मोठी हानी. एकट्या 101 स्क्वाड्रनने सात विमाने गमावली. म्हणजे एका खेड्याच्या तळावरची पन्नासेक माणसे सकाळच्या न्याहारीला नव्हती.

परतलेल्यांना रम घातलेला चहा मिळे आणि गुप्तवार्ता अधिकारी त्यांच्याकडून रात्रीचा तपशील लिहून घेत. फळ्यावर प्रत्येक विमानापुढे उतरल्याची वेळ नोंदली जाई. ज्या नावापुढची जागा कोरी राहिली, त्या तुकडीचे सामान आवरायला माणसे येत. पत्रे, कपडे, सायकल यांची यादी होई आणि वस्तू घरी रवाना होत. थोड्याच दिवसांत त्या खाटांवर नवी पोरे झोपत. बहुतेकांची उमर विशीच्या आसपासची.

युद्ध संपेपर्यंत या स्क्वाड्रनचे अकराशेहून अधिक लोक मारले गेले. बाँबर कमांडमध्ये सर्वाधिक हानी सोसलेल्या स्क्वाड्रनमध्ये तिची गणना होते. सबंध कमांडच्या सुमारे सव्वा लाख हवाई सैनिकांपैकी 55,573 जण मेले. तरीही लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचे स्मारक उभे राहायला 2012 साल उजाडले. या विलंबामागे त्यांच्या बाँबांनी जमिनीवर झालेले मृत्यूही होते. जुलै 1943 मधल्या हल्ल्यांत एकट्या हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून अधिक माणसे मेली; त्यांतली बहुसंख्य साधी नागरिक होती. लडफर्डच्या पोरांचे धैर्य खरे होते आणि हॅम्बुर्गच्या तळघरांत गुदमरलेली कुटुंबेही खरी होती. या काळाचा इतिहास लिहिताना दोन्ही नोंदी एकाच पानावर हव्यात.

101 स्क्वाड्रन आजही ब्रिटिश हवाई दलात आहे. ती आता बाँब टाकत नाही. ब्राइझ नॉर्टन तळावरून उडून इतर विमानांना हवेत इंधन पुरवते.