ब्रेक पाइप

ब्रेक पाइप (ब्रेक लाइन किंवा ब्रेक नळी) ही द्रवचालित ब्रेक प्रणालीतील मास्टर सिलिंडरमध्ये निर्माण झालेला दाब चाकांवरील ब्रेकपर्यंत पोहोचवणारी धातूची बारीक नळी होय. चासीवरील स्थिर भागात ही नळी धातूची असते. चासी आणि हलते चाक यांच्या दरम्यान तिला लवचीक होज जोडलेला असतो. जुन्या वाहनाचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवताना ही नळी बहुधा नव्याने तयार करावी लागते. डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर कारखान्यातून तयार होऊन येतात. नळी मात्र गॅरेजमध्ये मापाने कापली जाते, वाकवली जाते आणि तिची टोके तेथेच घडवली जातात. त्यामुळे या सगळ्या बदलात कारागिराच्या हातावर सर्वाधिक अवलंबून असणारा भाग हाच असतो.

पार्श्वभूमी

माल्कम लॉकहीड यांनी १९१० च्या दशकात द्रवचालित ब्रेकची रचना विकसित केली आणि १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीत ती चारही चाकांवर वापरली गेली. महाराष्ट्रात हे तंत्र खेड्यापाड्यांत पोहोचले ते प्रामुख्याने जीपमधून. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातील जुन्या जीपना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत आणि मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूस बसवलेला असे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेस, भीमा खोऱ्यात असलेल्या कर्जत तालुक्यासारख्या (रायगड जिल्ह्यातील कर्जत वेगळे) ग्रामीण भागांत अशा वाहनांना दीर्घकाळ मागणी राहिली. राशीन, मिरजगाव, सिद्धटेक यांसारख्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर वेग कमी होता तोवर ड्रम ब्रेक पुरेसे ठरत. रस्ते सुधारले, इंजिने बदलली, वेग वाढला आणि पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याकडे जुन्या जीपच्या मालकांचा कल वाढला.

कार्यतत्त्व

बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर ही प्रणाली चालते. पेडलवर ३० किलोग्रॅम भार पडला आणि पेडलच्या तरफेचे गुणोत्तर ५ असेल, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५० किलोग्रॅम भार येतो. सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर असल्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ किलोग्रॅम इतका दाब निर्माण होतो. बूस्टर असलेल्या वाहनात आणीबाणीच्या प्रसंगी तो याहून बराच अधिक असतो. केवळ ४.७५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या नळीला हा दाब वर्षानुवर्षे, खडबडीत रस्त्यावरील हादरे सोसत पेलावा लागतो.

डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला ड्रमच्या व्हील सिलिंडरपेक्षा अधिक द्रव लागतो. त्यासाठी मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर बसवला तर पेडल कमी दाबावे लागते, पण पायाला अधिक जोर द्यावा लागतो: वरील उदाहरणात १९ ऐवजी २२ मिलिमीटर व्यास घेतल्यास त्याच जोराला दाब सुमारे २५ टक्क्यांनी घटतो. बूस्टरची गरज येथूनच निर्माण होते.

जुन्या ड्रम प्रणालीत रबरी कप घट्ट राहावेत म्हणून नळीत किंचित दाब राखून ठेवणारी झडप असते. हीच झडप डिस्कच्या नळीत राहिली तर पॅड डिस्कला घासत राहतात, ब्रेक तापतात आणि गाडी जड चालते. मात्र मास्टर सिलिंडर फळीखाली असलेल्या जीपमध्ये कॅलिपर त्याच्याहून उंच राहू शकतो. तेथे द्रव मागे ओघळू नये म्हणून अत्यल्प दाबाची वेगळी झडप लागते.

साहित्य

ब्रेक पाइपसाठी दुहेरी भिंतीची, तांब्याच्या डाखाने सांधलेली आणि गंजरोधक लेप दिलेली पोलादी नळी सर्वाधिक वापरली जाते. सुमारे ९० टक्के तांबे व १० टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूची नळी गंजत नाही आणि हाताने सहज वाकते, म्हणून दुरुस्तीच्या कामात तिला पसंती असते. दिसायला तिच्यासारखीच असलेली शुद्ध तांब्याची नळी या कामाला अयोग्य आहे. हादऱ्यांनी तांबे कडक होत जाते आणि शेवटी त्याला तडा जातो. कोकणातील खाऱ्या हवेच्या तुलनेत कर्जतच्या कोरड्या हवामानात पोलादी नळी अधिक टिकते, परंतु चासीच्या कोपऱ्यांत काळ्या मातीचा चिखल साचून राहिला की त्याखाली ओल टिकते आणि गंज नजरेआड वाढतो.

नळी तयार करणे

जुनी नळी शाबूत असल्यास तिच्यावरून, अन्यथा मऊ तार चासीवर फिरवून माप घेतले जाते. नळी चाकाच्या कटरने कापतात. करवतीने कापल्यास टोक वाकडे होते आणि कीस आत शिरतो. त्यानंतर टोकाच्या आतबाहेरची धार काढली जाते. फ्लेअर करण्यापूर्वी नट नळीवर ओवावा लागतो, कारण टोक पसरल्यावर तो चढत नाही. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तयार टोक कापून टाकण्याची वेळ बहुतेक वेळा याच विसरामुळे येते.

टोक पसरवून त्याला बैठक देण्याच्या क्रियेस फ्लेअर करणे म्हणतात. दुहेरी फ्लेअरमध्ये साच्यात धरलेल्या नळीचे टोक प्रथम ठोकळ्याने बुडबुड्यासारखे फुगवले जाते आणि नंतर शंकूने आत दुमडले जाते. बैठकीवर धातूचे दोन पदर येतात. एकेरी फ्लेअरला दाबाखाली चीर पडते, म्हणून ब्रेकसाठी तो वापरत नाहीत. बुडबुडा न दुमडता तसाच ठेवला की तो अनेक युरोपीय आणि जपानी धाटणीच्या भागांत वापरला जाणारा बबल फ्लेअर होतो. दोहोंच्या बैठका वेगळ्या असून एकाचे टोक दुसऱ्याच्या बैठकीत नट कितीही आवळला तरी बसत नाही.

जीपमध्ये यापेक्षाही फसवी अडचण आट्यांची असते. जुन्या जीपचे नट इंची मापाचे, बहुधा ३/८ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे असे असतात, तर नव्या कॅलिपरवर किंवा मास्टर सिलिंडरवर १० मिलिमीटर व्यास व १ मिलिमीटर अंतराचे आटे असू शकतात. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, त्यामुळे इंची नट मेट्रिक भोकात सैलसर फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आट्यांचे केवळ शेंडे एकमेकांना धरतात आणि जोराच्या ब्रेकला ते सोलून निघू शकतात. नट हाताने सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोकळा, पण न डुगडुगता फिरला पाहिजे. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून गळती थांबवण्याचा प्रयत्न चुकीचा आहे, कारण येथे द्रव अडवण्याचे काम आटे करत नाहीत, फ्लेअरची बैठक करते.

नळी बेंडरने मोठ्या वळणात वाकवली जाते. चिमटलेली नळी सरळ करून वापरत नाहीत. शेवटी ती हवेने झाडून, बसवेपर्यंत दोन्ही टोके झाकून ठेवतात.

बसवणे

नळी चासीवर क्लिपने पक्की धरली जाते, सायलेन्सरपासून दूर ठेवली जाते आणि पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट घातला जातो. होजची लांबी गाडी जॅकवर उचलून, चाके पूर्ण खाली लोंबकळत असताना आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तपासावी लागते. सपाट जमिनीवर पुरेसा वाटणारा होज खड्ड्यात ताणला जाऊन तुटू शकतो. तो पिळलेलाही नसावा. कॅलिपरच्या पोकळ बोल्टच्या दोन्ही बाजूंस तांब्याचे नवे वॉशर घातले जातात.

एकाच मार्गाच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक नळी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून डिस्क बसवताना पुढील व मागील चाकांचे मार्ग वेगळे करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे, हा खर्चाच्या मानाने सर्वांत मोलाचा बदल ठरतो. मागील चाके आधी अडकून गाडी आडवी होऊ नये यासाठी मागच्या मार्गावर दाब मर्यादित करणारी झडपही आवश्यक ठरू शकते.

हवा काढणे व तपासणी

द्रवाच्या तुलनेत हवा सहज दाबली जाते. नळीत तिचा बुडबुडा राहिला तर पेडल स्पंजासारखे लागते. उजव्या बाजूस स्टिअरिंग असलेल्या वाहनात सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागील डाव्या चाकापासून हवा काढण्यास सुरुवात होते. त्यानंतर पेडल जोराने काही मिनिटे दाबून धरतात. ते हळूहळू खाली जात असेल तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर आतून दाब सोडत आहे. प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून यातला फरक ओळखता येतो.

डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नव्या स्थितीत किमान २३०, तर ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश सेल्सिअस असावा लागतो. खंडाळा किंवा कसारा घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये जुने ऑईल उकळले तर नळीत वाफ धरते आणि पेडल अचानक खाली जाते. इंजिन ऑईल किंवा इतर खनिज तेल घातल्यास प्रणालीतील रबर फुगते आणि सर्व रबरी भाग बदलावे लागतात.

कायदेशीर बाजू

मूळ प्रकारची नळी बदलणे ही दुरुस्ती होय. ब्रेकची रचना बदलणे हा फेरफार ठरू शकतो आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकरणाकडे, कर्जतमधील वाहनांसाठी एमएच १६ ही नोंदणी देणाऱ्या अहिल्यानगरच्या परिवहन कार्यालयाकडे, विचारणा करणे आवश्यक ठरते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ मध्ये वाहनांचे नमुने तपासणाऱ्या संस्थांची नावे आहेत. त्यांत अहिल्यानगर येथील संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास आस्थापना, तसेच पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि केंद्रीय रस्ते परिवहन संस्था यांचा समावेश होतो. ही तपासणी निर्मात्याने सादर केलेल्या नमुन्याची असते. गॅरेजमध्ये घडवलेला फ्लेअर अशा प्रयोगशाळेत जात नाही. त्याची चाचणी पेडल दाबून धरणारा कारागीर आणि कागदाने जोड पुसणारा त्याचा मदतनीस हेच घेतात.